रिक्षा टेम्पोत चढवताना पोट टेकतं, फळी निसटते, पट्टे सैल पडतात: कारणं आणि उपाय

रिक्षा पिकअपमध्ये चढवायची म्हटलं की बहुतेक ठिकाणी ठरलेला प्रकार होतो. दोन फळ्या, चार माणसं, ‘लाव जोर’चा गजर, आणि रिक्षा हौद्याच्या तोंडाशी जाऊन अडते. पुढचं चाक आत, मागची दोन अजून फळ्यांवर आणि मधे पोट टेकलेलं. मग आणखी दोन माणसांना हाक मारली जाते. वास्तविक तिथे जोर कमी पडलेला नसतो, फळी आखूड पडलेली असते. सहा माणसं लावून पोट फरफटवलं की रिक्षेच्या तळाखालून मागच्या इंजिनाकडे गेलेल्या क्लच-गिअरच्या केबली आणि ब्रेकचा पाइप घासतात, आणि खर्च तिथून सुरू होतो.

पुण्यातून रिक्षा टेम्पोत टाकायची वेळ बऱ्याचदा येते. जुनी रिक्षा गावाकडे विकलेली असते, इंजिन बसलेलं असतं, किंवा मुंबईकडे न्यायची असते आणि द्रुतगती मार्गावर तीनचाकीला मुळात प्रवेशच नाही. पुढची मापं बजाज आरईसारख्या साध्या पॅसेंजर रिक्षेची आहेत. आपे किंवा लांब मालवाहू तीनचाकी असेल तर मापं बदलतील, हिशेब तोच राहील.

आधी टेप, मग टेम्पो

आरई साधारण २६३५ मिमी लांब आहे, म्हणजे ८ फूट ८ इंच. रुंदी १३०० मिमी, उंची १७०० मिमीच्या आसपास, पुढच्या चाकापासून मागच्या चाकांपर्यंतचं अंतर २००० मिमी. रिकामं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. छोटा हत्ती (टाटा एस) हे वजन आरामात उचलतो, पण त्याचा हौदा २२०० मिमीचा, म्हणजे रिक्षा जवळपास दीड फूट मागे लोंबते. फाळका उघडा ठेवून, दोरीने बांधून नेणारे भेटतात. मात्र बाहेर आलेल्या मालासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) मध्ये २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे, शिवाय माल उतरवायचा खर्च वेगळा. दंड बाजूला ठेवला तरी एक अडचण उरतेच. रिक्षेचं इंजिन मागे असतं आणि तेच वजन टेम्पोच्या मागच्या चाकांच्याही मागे लटकतं. टेम्पोचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग पोकळ लागतं. दोन-तीनशे रुपये वाचवायला छोटा हत्ती बोलावू नका.

टाटा इंट्रा व्ही ३०चा हौदा २६९० मिमी, म्हणजे रिक्षा बसते पण जेमतेम पाच सेंटिमीटर शिल्लक राहतात. बोलेरो पिकअपचे हौदे मॉडेलप्रमाणे ८ फुटांपासून १० फुटांपर्यंत आहेत, त्यामुळे फोनवर ‘बोलेरो पाठवा’ एवढं सांगून भागत नाही. ‘हौदा आतून किती फूट?’ हे विचारा, आणि ९ फुटांच्या खाली असेल तर दुसरी गाडी मागा. ताडपत्रीसाठी लोखंडी कमानी लावलेल्या असतील तर त्या आधीच काढून आणायला सांगा. दारात आल्यावर त्यांचे गंजलेले नट सुटत नाहीत.

पोट का टेकतं

फळीचा चढ जिथे संपतो आणि हौद्याची सपाटी सुरू होते, तिथे कड तयार होते. पुढचं चाक त्या कडेच्या एक मीटर पुढे आणि मागची चाकं एक मीटर मागे आली की कड बरोबर पोटाखाली येते. चढ जितका उभा, तितकी कड पोटात वर घुसते. आरईचं पोट जमिनीपासून १७ ते २० सेंमी वर असतं. हौदा जमिनीपासून ८० सेंमी उंच धरला तर हिशेब असा लागतो:

६ फुटी फळी: चढ २६ अंशांचा, कड पोटात २२ सेंमी वर येते. टेकणारच.
८ फुटी फळी: चढ १९ अंशांचा, कड साडेसोळा सेंमी. नशिबावर.
१० फुटी फळी: चढ १५ अंशांचा, कड १३ सेंमी. निघून जाते.
१२ फुटी फळी: चढ साडेबारा अंशांचा, कड ११ सेंमी. चिंता नाही.

टेम्पोवाले सोबत आणतात त्या फळ्या बहुधा ६ ते ८ फुटांच्या असतात. त्या फ्रिज आणि कपाटं चढवायला ठीक आहेत. लागणाऱ्या जोराचाही हाच हिशेब आहे. साडेतीनशे किलोच्या रिक्षेला ६ फुटी फळीवर नुसतं धरून ठेवायला दीडशे किलोचा जोर लागतो, १२ फुटीवर सत्त्याहत्तर. म्हणजे फळी दुप्पट लांब घेतली की निम्मी माणसं पुरतात.

लांब फळी मिळत नसेल तर जागा बदला. फळीचं खालचं टोक १५ सेंमी उंच फुटपाथवर टेकवलं की उंची ८० वरून ६५ वर येते आणि ८ फुटी फळी १० फुटीचं काम करते. पेठांतल्या गल्ल्यांत ही सोय दारातच असते. फुटपाथची फरशी मात्र हलून बघा, पोकळ असेल तर फळीच्या टोकाने उलटते. त्याहून चांगलं म्हणजे टेम्पोची मागची चाकं खोलगट जागेत उतरवणं. दहा सेंटिमीटरचा खड्डा मिळाला तर हौद्याची मागची कड त्याहूनही थोडी जास्त खाली येते, कारण ती चाकांच्या मागे असते. वर हौदाच मागे कलल्यामुळे कडेवरचा कोनही कमी होतो. खड्ड्यांची वानवा आपल्याकडे नाही, त्यातला कोरडा निवडा.

इथे एक गफलत नेहमी होते. नुसत्या उतारावर टेम्पो उभा केला, तोंड उताराकडे आणि फाळका चढाकडे, तर ढकलायला सोपं जातं, कारण फळी जवळपास सपाट होते. पण टेम्पो, फळी आणि रस्ता तिन्ही सारखेच कललेले असल्याने कडेवरचा कोन जसाच्या तसा राहतो. रिक्षा सरसर वर जाते आणि तितक्याच सरसर पोट टेकवून बसते. हौद्यात गेल्यावर ती थेट केबिनकडे पळते ते वेगळंच. उतार घ्यायचाच असेल तर फळी लांबच हवी आणि केबिनच्या भिंतीशी जुना टायर आडवा टाकलेला हवा.

थोडे सेंटिमीटर रिक्षेतूनही मिळतात. चाकांत हवा पूर्ण भरा. ४.००-८ च्या टायरमध्ये हवा कमी असेल तर पोट सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सहज खाली बसतं. सीटखालचं सामान, स्टेपनी, मागे कोंबलेलं सगळं उतरवा. शिवाय हौद्यात पुढच्या चाकाच्या वाटेवर २ इंच जाडीची, सहा फूट लांबीची फळी आडवी न टाकता लांबीत अंथरा. पुढचं चाक तिच्यावर चढलं की पोटाचा मधला भाग इंचभर उचलला जातो. ८ फुटी फळीवर नशीब फिरवायला तेवढा इंच पुरतो. पोट कडेच्या पुढे गेल्यावर ही फळी मागून ओढून काढायची.

आणि आधीच टेकली असेल तर? ओढू नका. मागच्या दोन्ही चाकांना उटी (चाक अडवणारी पाचर) लावा, माणसाला हँडब्रेकवर ठेवा, पुढचं चाक पहारीने किंवा बाटली जॅकने उचलून त्याखाली ३ इंची गुटका सारा. पोट सुटलेलं वाकून डोळ्यांनी बघा. त्यानंतरच पुढे.

तिसरी फळी नसल्यामुळे होणारे उद्योग

टेम्पोसोबत दोन फळ्या येतात, रिक्षेला चाकं तीन. मग दोघं जण पुढचं चाक उचलून धरतात आणि बाकीचे मागून ढकलतात. उचलणाऱ्यांचे पाय दोन फळ्यांच्या मधल्या पोकळीत असतात. एकाचा पाय चुकला की चाक खाली, मडगार्ड वाकलेलं आणि नडगी सोललेली. तिसरी फळी भाड्याने, उसनी, कशीही आणा, पण आणा.

तिन्ही फळ्या सारख्या लांबीच्या आणि सारख्या जाडीच्या हव्यात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये साल लाकडाची ९ इंच रुंद, २ इंच जाड फळी मागा. चालकासह रिक्षा चढताना मागच्या प्रत्येक चाकावर दीडशे किलोच्या आसपास भार येतो, आणि त्याखाली १० फुटी सालाची फळी मधोमध तीनेक सेंटिमीटर वाकते. ते चालतं. १२ फुटी घेतली तर मधे लाकडी टेकू द्या. बांधकामावरच्या सेंटरिंगच्या फळ्या फुकट मिळतात म्हणून घेऊ नका. सिमेंट खाऊन त्या आतून कुजलेल्या असतात, आणि टायरात जाणारा खिळाही त्यातच असतो. वारंवार काम असेल तर फॅब्रिकेटरकडून १०० बाय ५० मिमीच्या लोखंडी चॅनलवर चेकर्ड प्लेट मारून घ्या.

मागच्या फळ्या लावताना रिक्षेची मागची चाकं मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. पॅसेंजर रिक्षेत हे अंतर सव्वा मीटरच्या आतच भरतं. मधली फळी त्याच्या बरोबर निम्म्यावर. मग हौद्याच्या तळावर, मधल्या फळीच्या सरळ रेषेत, केबिनच्या भिंतीपर्यंत खडूने जाड रेघ ओढा. चालवणारा चढताना सवयीने बाजूच्या फळ्यांकडे वाकून बघतो आणि नेमकं तेव्हाच हँडल वळतं. त्याला रेघेशिवाय काही बघायचं नाही असं सांगा. बाजूच्या फळ्या बरोबर मोजून लावल्या असतील तर मागची चाकं आपोआप त्यांच्यावर राहतात. इशारे एकानेच द्यायचे, आणि तो हौद्यात एका कोपऱ्यात, चाकाच्या वाटेबाहेर उभा असेल. रिक्षेच्या मागे कुणीही नको, ढकलण्यासाठीसुद्धा.

फळी मागे का उडते

इंजिनावर रिक्षा चढवताना मागची चाकं फळीला मागे ढकलतात. फळी नुसती हौद्याच्या कडेवर ठेवलेली असेल तर ती हळूहळू मागे सरकते आणि कडेवरून सुटते. मागची चाकं वर पोचायच्या बेतात असतानाच हे होतं, कारण सगळं वजन तेव्हा त्यांच्यावर असतं. उपाय स्वस्त आहे: फळीच्या वरच्या टोकाला खालून लोखंडी अँगल नट-बोल्टने बसवायचा, जो हौद्याच्या कडेत किंवा फटीत अडकेल, आणि प्रत्येक फळी साखळीने किंवा पट्ट्याने टेम्पोच्या चासीला बांधायची. नुसता अँगल उसळीने निघतो, नुसत्या साखळीत ढील राहते. दोन्ही लावा.

फळी फाळक्यावर टेकवू नका. साखळ्यांवर आडवा धरलेला फाळका एका माणसाच्या वजनासाठी असतो, त्याच्या बिजागऱ्या रिक्षेसाठी नाहीत. फाळका पूर्ण खाली सोडा किंवा काढूनच ठेवा, आणि फळी थेट हौद्याच्या तळाच्या कडेवर टेकवा.

टेम्पो हँडब्रेकवर, पहिल्या गिअरमध्ये, आणि चाकांना पुढून-मागून दोन्हीकडून उटी. दगड नको, लाकडी गुटका. मागच्या चासीखाली ठोकळा किंवा स्टँड सारला तर रिक्षेचं वजन कडेवर येताना टेम्पो मागे बसत नाही आणि फळ्यांची खालची टोकं जागची हलत नाहीत. आणि टेम्पो आडवा कललेला असेल, म्हणजे एक बाजू डांबरावर आणि दुसरी साइडपट्टीच्या मातीत, तर जागाच बदला. तीनचाकी गाडी आडव्या उताराला लवकर कलंडते, त्यात चालवणाऱ्याने तोल सावरायला हँडल फिरवलं की काम तमाम.

इंजिनावर चढवायची की ओढून?

इंजिन धड असेल आणि फळी १० फूट किंवा जास्त असेल तर चालवत नेणं सोपं आहे. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, एक्सलरेटर एकसारखा. अर्ध्या क्लचवर तोलून धरणं म्हणजे प्लेटा जाळणं, त्याचा वास तुम्हाला कळेलच. मधे बंद पडली तर क्लच दाबू नका, ब्रेक दाबा, उटी लावू द्या, आणि खाली उतरवून पुन्हा सुरुवात करा. मधूनच पुन्हा चढवायला गेलात तर पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल हाताला काही सांगत नाही.

आमची पसंती हँड विंचला, म्हणजे हाताने चालवून ओढायच्या यंत्राला आहे, इंजिन चालू असलेल्या रिक्षेसाठीही. रविवार पेठेत बोहरी आळीत एक टनी हँड विंच किंवा पुल-लिफ्ट सहज मिळते. हौद्याच्या पुढच्या भिंतीच्या तळाशी, चासीला जोडलेल्या पक्क्या कडीत ती अडकवायची. पातळ पत्र्याच्या जाळीला नाही. दुसरं टोक रिक्षेच्या हँडलला, मडगार्डला किंवा पुढच्या शोभेच्या बंपरला बांधायचं नाही. चासीच्या दोन बाजूंना पट्टा घेऊन पुढे एका ठिकाणी आणा, म्हणजे ओढ मधोमध बसते आणि रिक्षा एका बाजूला खेचली जात नाही. एक जण विंचवर, एक जण बाजूने चालत हँडल सरळ धरून, आणि एक जण गुटका घेऊन मागच्या चाकाच्या बाजूला. दर हातभर सरकली की गुटका पुढे. तीन माणसांत काम होतं, आणि आरडाओरडा लागत नाही.

तोंड कुठे करायचं? पुढचं चाक आधी, म्हणजे रिक्षेचं तोंड टेम्पोच्या तोंडाकडे. उलटी घातली तर एकटं चाक खाली राहतं आणि चढताना भरकटतं. प्रवासातही त्रास होतो. उलट्या रिक्षेच्या हुडात मागच्या बाजूने वारा शिरतो, आणि साठच्या वेगाने शिवण उसवायला वेळ लागत नाही.

पट्टे सैल का पडतात

नवले पुलाजवळ थांबून पट्टे ताणले, तरी खेड शिवापूरला बघावं तर पुन्हा ढिले. हे पट्ट्याचं नाही, जागेचं दुखणं आहे. हुडाच्या पाइपला किंवा बॉडीला बांधलं की प्रत्येक गतिरोधकावर रिक्षेचं सस्पेन्शन खाली बसतं, त्या क्षणी पट्टा ढिला होतो, हूक उसळून सरकतो, आणि वर येताना झटका बसतो. शंभरेक झटक्यांनंतर हूक कडीतून निघतो किंवा पाइप वाकतो. नायलॉनची दोरी तर मुळात ताणत जाते.

बांधायचं ते स्प्रिंगच्या खालचं. मागच्या दोन्ही चाकांना धरणाऱ्या ट्रेलिंग आर्मला चाकाजवळ पट्टा घाला. ती जागा चाकासोबतच हलते, त्यामुळे बॉडी कितीही उसळली तरी पट्टा ताणलेलाच राहतो. शाफ्टच्या टोकांना रबरी बूट असतात, त्यांच्यावरून पट्टा जाऊ देऊ नका. बूट फाटला की आतलं ग्रीस बाहेर आणि माती आत. पुढच्या चाकाला रिमच्या फटींतून पट्टे घालून तळाकडे खेचा, आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना ३ इंची लाकडं तळाला खिळ्यांनी ठोकून खोबण करा. एकूण चार रॅचेट पट्टे, २ इंची: पुढचे दोन पुढे आणि बाहेर खेचणारे, मागचे दोन मागे आणि बाहेर खेचणारे. चारही एकाच दिशेला ओढले तर रिक्षा त्या दिशेला सरकणारच. रॅचेटचं उरलेलं शेपूट गुंडाळून बांधा, नाहीतर फडफडून स्वतःच रॅचेट उघडतं.

हँडब्रेक ओढा आणि पहिल्या गिअरमध्ये ठेवा. सीएनजी असेल तर टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद, पेट्रोलचा कॉक बंद. आरसे आत, बाजूचे पडदे काढून सीटखाली. निघाल्यावर पहिला थांबा पाच-सात किलोमीटरवर घ्या, कारण पट्टे सगळ्यात जास्त तिथेच बसून ढिले होतात. साताऱ्याकडे जाताना दुसरा खंबाटकीच्या आधी. घाट संपल्यावर बघून काय उपयोग?

उतरवताना

चढवताना सगळे सावध असतात, मोडतोड उतरवताना होते. पट्टे सोडण्याआधी विंच पुन्हा अडकवून ताणून घ्या, मग एकेक पट्टा सोडा. फळ्या, अँगल, साखळ्या सगळं चढवतानासारखंच. विंच एकेक दात सोडत मागची चाकं कडेवरून खाली आणा. कडेवर पहिला झोका बसतो, तिथे ढील नको. विंच नसेल तर इंजिन चालू, रिव्हर्स गिअर, क्लच पूर्ण सोडलेला आणि पाय ब्रेकवर. न्यूट्रलमध्ये ‘हळूच सोडू’ म्हणणाऱ्याला बाजूला करा. मागे उभ्या असलेल्या दुचाक्या आधीच हलवून घ्या.

साइड व्हील लावलेली स्कूटर असेल तर

दिव्यांग चालकांच्या स्कूटरला बाजूची दोन चाकं असली तरी जोर लावणारं चाक मधलंच असतं. इथे वजनाचा प्रश्न नाही आणि छोट्या हत्तीतही ती बसते, पण फळ्यांच्या उंचीत फरक चालत नाही. बाजूच्या फळ्या मधलीपेक्षा इंचभर जरी वर राहिल्या तर बाजूची चाकं भार घेतात, मागचं चाक अधांतरी फिरतं आणि चालवणाऱ्याला वाटतं बेल्ट गेला. मधल्या फळीच्या दोन्ही टोकांखाली अर्ध्या इंचाचं प्लायवुड सारून ती जरा वर घ्या. बाजूच्या चाकांचा आडवा दांडा जमिनीपासून किती वर आहे तेही मोजा. कडेवर स्कूटरच्या पोटाआधी तोच टेकतो.